नवख्याचं जाकीट

आमच्या घरात मोटरसायकल शर्यतीचे नियम आधी माझ्या शिवणयंत्रावर आले आणि मग मैदानावर गेले. साल अठ्ठ्याहत्तर असेल, नाहीतर एकोणऐंशी. माझे यजमान मधुकरराव यांचं वर्ध्यात मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात येणाऱ्या आठ-दहा जणांनी मिळून क्लब काढला. लक्ष्मणराव त्याचे प्रमुख. मिलिटरीत ते मोटरसायकलवरून डाक पोहोचवत असत, त्यामुळे नियम म्हटलं की त्यांचा आवाज आपोआप चढायचा. पुण्याकडच्या कुठल्याशा क्लबाचे नियम त्यांनी मागवून घेतले होते, इंग्रजीत. दुपारी दुकान बंद असताना ते आमच्या पडवीत बसून वाचायचे, हे त्याचं मराठी करायचे, आणि मी मशीन चालवता चालवता ऐकायची.

नवख्या स्वाराने पहिल्या तीन शर्यती नारिंगी जाकीट घालून पळायचं, पाठीवर काळी फुली. सुटताना सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. हेल्मेटचा पट्टा असा आवळायचा की हनुवटीखाली दोन बोटं जातील, तिसरं जाणार नाही. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट. इंजिनच्या तेलाच्या बोल्टला तार बांधायची, कारण तो सुटून तेल सांडलं तर मागून येणारा घसरतो. पिवळं निशाण हललं की पुढे धोका आहे, वेग कमी करायचा, कुणाला ओलांडायचं नाही. लाल हललं की सगळ्यांनी थांबायचं. आणि एक नियम लक्ष्मणराव दोनदा वाचायचे. निशाण कळलं नाही तर नवख्याने डावा हात वर करायचा, कडेला जायचं आणि थांबायचं. अंदाज करायचा नाही.

तीन शर्यती चूक न करता पुऱ्या केल्या की जाकीट उतरायचं. एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

जाकीट म्हणजे पुढे-मागे दोन तुकडे आणि दोन्ही बगलांखाली नाड्या. मी तशी सहा शिवली, शिवाय निशाणं. त्यातलं एक जाकीट आमच्याच घरात राहिलं. माझा धाकटा दीर चंद्रभान तेव्हा बावीस वर्षांचा होता. सासूबाई गेल्या तेव्हा तो अगदी लहान होता आणि तेव्हापासून आमच्याकडेच वाढला. तो यांच्या दुकानात काम करायचा आणि दुकानातलीच एक जुनी राजदूत जोडून-तोडून शर्यतीला न्यायचा. दोन शर्यती त्याने नीट पुऱ्या केल्या होत्या, एक वर्ध्याला आणि एक जाम गावाजवळच्या मोकळ्या रानात. तिसरी राहिली होती.

ती तिसरी शर्यत सिंदीला ठरली, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सिंदीजवळ आमच्या सासऱ्यांचं गाव. सासरे, किसनराव, शेती करायचे, पण त्यांचं नाव होतं ते शंकरपटासाठी. बैलजोड्या पळवायचा त्यांना भारी नाद. पटाचं मैदान त्यांच्याच ओळखीने क्लबाला मिळालं. एका बाजूला पटाची सरळ वाट, दुसऱ्या बाजूने नाल्याकाठची गाडीवाट, दोन्ही जोडून गोल फेरी झाली. कापूस निघून गेला होता, रानं मोकळी होती.

शर्यतीच्या आठवडाभर आधी मामंजी वर्ध्याला आले. खुंटीवरचं जाकीट पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"मधू, हे अजून उतरलं नाई का?"

"एक शर्यत राह्यली, बाबा."

"गावात लोक मले का म्हणतात, मालूम हाय? म्हणतात, किसनरावच्या बैलाले झूल नाई, पोराले हाय. त्या कवडूचा बाप तं चावडीत उभा राहून दाखवते, असं बांधतात म्हणे, असं."

चंद्रभान हसला. मामंजी हसले नाहीत.

"दात काढू नको. नवा गोऱ्हा बी दोन पटांत पोक्त होते. तुले तीन लागून राह्यले. या खेपेले उतरलं तं ठीक. नाई उतरलं तं गाडी दुकानात ठेव अन् घरी ये. वावर पडलं हाय."

चंद्रभानने माझ्याकडे पाहिलं. मामंजी बोलले की ते करत, हे आम्हा दोघांना माहीत होतं. ते गेल्यावर तो मला म्हणाला, "वहिनी, मले जिंकाचंच नाई. मले फक्त पुरी कराची हाय." मी म्हटलं, मग झालं तर.

शर्यतीला निशाण धरणारे लोक कमी पडले. हे म्हणाले, "कोकिळा, तू उभी राहशील का?" मी शिवलेली निशाणं मला ओळखू तरी येतील, असा त्यांचा हिशेब असावा. मला पहिल्या वळणावर उभं केलं, जिथे पटाची सरळ वाट संपते आणि गाडी नाल्याकडे वळते. एका हातात पिवळं, दुसऱ्यात लाल. लक्ष्मणरावांनी सांगितलं, "बाई, काहीही झालं तरी जागा सोडायची नाही. आणि उगीच हलवायचं नाही." मी पिवळं निशाण पदराखाली गुंडाळून धरलं, चुकून वाऱ्याने हलायला नको म्हणून.

लोक पाहून मात्र मी गांगरले. वर्ध्याच्या शर्यतीला शे-दीडशे माणूस यायचं. इथे पटाचा दिवस असावा तशी चारी बाजूंनी गावं लोटली होती. बैलबंड्या सोडलेल्या, बायका पोरंबाळं घेऊन आलेल्या, भजी तळणारे बसलेले. आणि माझ्यापासून पाच-पन्नास पावलं अलीकडे, सरळ वाटेच्या शेवटी, मामंजी उभे. पटात ते नेहमी तिथेच उभे राहायचे. बैल तिथवर आले की ते खांद्यावरचा दुपट्टा काढून डोक्यावर गरगर फिरवायचे, आणि तो दुपट्टा पाहून त्यांची जोडी शेवटचा जोर लावते, असं सगळा गाव म्हणायचा. आमच्याकडे पटात तशी रीतच होती. ज्याला ज्याची जोडी आवडे, तो तिच्यासाठी दुपट्टा फिरवे.

मामंजींचा दुपट्टा पिवळा होता. हे मला त्या वेळी दिसलं, पण दिसून काही सुचलं नाही.

माझ्या शेजारी मनकर्णाबाई येऊन बसल्या. मामंजींच्या बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई. पदरात तिळाचे लाडू.

"काऊन वो कोकिळा, तू काऊन झेंडी घेऊन उभी? गडीमाणसं मेले का?"

"आत्याबाई, मले बोलता येत नाई आता."

"बोलत तं हायस. लाडू खाय."

"हात रिकामा नाई."

"आ कर."

तेवढ्यात झेंडी पडली आणि गाड्या सुटल्या. सात गाड्या होत्या. पुढे चार जुने स्वार, मागे तीन नारिंगी जाकिटं. आवाज असा की आत्याबाईंनी दोन्ही कान धरले. पहिल्या वळणाला चंद्रभान सहावा होता, मान खाली, कोपरं बाहेर, अगदी लक्ष्मणरावांनी शिकवलं तसा. मला बरं वाटलं.

दुसऱ्या फेरीला सरळ वाटेवर त्याने चांगला वेग धरला. पुढे मामंजींच्या गावच्या त्या कवडूचं जाकीट होतं, तोही आता नवखा म्हणून उतरला होता; त्याला हा गाठणार असं वाटलं. आणि एकदम, मामंजींसमोर आल्यावर, त्याने गाडी हळू केली. कवडू निघून गेला. मागचा तिसरा नवखा गोंधळून त्याच्या मागेच अडकला.

"का झालं वो?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय की."

तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच. मामंजींसमोर आला की हळू. मला वाटलं, इंजिन अडतंय. वळणावर माझ्यासमोरून गेला तेव्हा मात्र आवाज नीट होता. काय चाललंय ते मला कळेना. लोक ओरडू लागले, "अबे, दाब ना! दाब!" कुणीतरी म्हणालं, "भेलं पोट्टं." मामंजींनी ते ऐकलं असणार. चौथ्या फेरीला ते वाटेच्या अगदी कडेला आले आणि दुपट्टा असा फिरवू लागले की हात खांद्यातून निखळावा. चंद्रभान आणखी हळू झाला. ते आणखी जोरात फिरवू लागले. तो जवळजवळ चालवत चालवत त्यांच्यासमोरून गेला.

मग एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिवळं. हलतंय. धोका आहे, वेग कमी, ओलांडायचं नाही.

"आत्याबाई! जा, मामंजींले सांगा, दुपट्टा फिरवू नका म्हणावं!"

"अन् काऊन नाई फिरवाचा? त्याचं पोरगं हाय."

"तो थांबून राह्यला त्याच्यानं!"

"दुपट्ट्यानं कोणी थांबते का वो? दुपट्ट्यानं पळते." आत्याबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मलाच ऊन लागलं होतं. "अन् मी म्हातारी मंधातून कुठं जाऊ, या गाड्या मले खातील."

मला जागा सोडता येत नव्हती. ओरडले, पण त्या आवाजात माझं कोण ऐकणार? तोवर बाकीच्यांचेही दुपट्टे निघाले होते. कवडूच्या बापाने लाल काढला. कुणी पिवळा, कुणी पांढरा, कुणी बायकोचा पदर मागत होता. जुने स्वार हुशार, त्यांना लगेच कळलं असावं की ही निशाणं नव्हेत. ते कशाकडेच न पाहता पळत होते. नारिंगी जाकीट दिसलं की मात्र लांबून वळसा घेऊन पुढे जायचे. चंद्रभानचं तसं नव्हतं. त्याला तिसरी शर्यत चूक न करता पुरी करायची होती.

पुढच्या फेरीला कवडू माझ्या वळणावर पडला. गाडी एकीकडे, तो एकीकडे, आणि मधे धुळीची भिंत. मी पिवळं निशाण पदरातून ओढलं आणि हलवू लागले. माझ्या आयुष्यात मी इतक्या जोराने काही हलवलं नसेल. पहिला जुना स्वार आला आणि तसाच गेला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझं निशाण त्याला आणखी एक दुपट्टा वाटलं. त्याचं मागचं चाक कवडूच्या हेल्मेटजवळून गेलं. आत्याबाई किंचाळल्या. दुसराही तसाच गेला. मी पिवळं टाकून लाल उचललं, पण लाल तर तिकडे कवडूच्या बापाच्याही हातात होतं.

मग चंद्रभान आला. मामंजी फिरवत होते, मी फिरवत होते, धूळ इतकी की मला त्याचा चेहराही दिसेना. तो नेमका कुठे हळू झाला, त्यांच्यासमोर की माझ्यासमोर, मला आजही सांगता येणार नाही. एवढं दिसलं की डावा हात वर गेला. गाडी कडेला आली आणि थांबली. तो तसाच हात वर करून बसून राहिला. पाठीवर फुली असलेलं जाकीट आणि वर गेलेला हात पाहून मागून येणारे दोन्ही जुने स्वार दचकले आणि थांबले. मागोमाग बाकी सगळे. इंजिनं बंद झाली आणि मग कवडूचा आवाज ऐकू आला, "माझा बूट कुठं गेला बे?"

त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते शर्यतीपेक्षा जास्त वेळ चाललं. पुढचा स्वार म्हणे, मी जिंकलो. लक्ष्मणराव म्हणाले, शर्यत थांबली तेव्हा तू निशाणाखालून पळत होतास. तो म्हणे, कोणतं निशाण, पन्नास निशाणं होती. कवडूचा बाप म्हणे, माझं पोरगं पुढं होतं. चंद्रभान जाकिटासकट उभा होता आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती.

"साहेब, माझी तिसरी मोजली का?"

लक्ष्मणराव माझ्याकडे वळले. "बाई, हा थांबला तेव्हा तुमचं पिवळं हलत होतं का? हलत असेल तर याने नियम पाळला, मोजू. त्याआधीच थांबला असेल तर कारण नसताना थांबला, आणि शर्यत पुरी केली नाही."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. चंद्रभान पाहत होता. हो म्हणायला काय लागत होतं? पण मला खरंच माहीत नव्हतं. धूळ होती. मी म्हटलं, "मला सांगता येत नाही."

मामंजी पुढे झाले. पोराची बाजू मांडायला म्हणून आले होते, छाती पुढे काढून.

"मी सांगतो. माझं आधी हलत होतं. दुसऱ्या फेरीपासून! इचारा गावाले. एक फेरी खाली नाई जाऊ देली मी."

"बाबा," चंद्रभान हळूच म्हणाला, "तुमीच होते का ते?"

"मंग कोण? तुयासाठी दुसरं कोण फिरवीन?"

"मले वाटलं, क्लबाचा माणूस हाय. मी तं वाटेकडे पाहून राह्यलो होतो, माणसाकडे नाई."

मामंजींना काही समजेना. हे पुढे आले आणि त्यांनी बापाला समजावलं की पिवळं हललं म्हणजे हळू हो. मामंजींनी ते ऐकलं, दुपट्ट्याकडे पाहिलं, पुन्हा यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी जेवढं जोरानं..."

"हो, बाबा."

"अन् हे उलटं कोणं ठरवलं?"

लक्ष्मणरावांनी मग जाहीर केलं की शर्यत रद्द, सगळ्यांसाठी, आणि ऊन आहे तोवर पुन्हा पळवू. पण एकाही माणसाच्या हातात कापड दिसता कामा नये.

आता हजार माणसांच्या खांद्यावरचं कापड कुठे ठेवायचं? मामंजींनीच तोड काढली. त्यांनी दुपट्ट्याची घडी केली, जमिनीवर ठेवली आणि तीवर बसले. त्यांच्याकडे पाहून कवडूचा बाप बसला. मग रांगच्या रांग बसत गेली. बायकांनी पदर कमरेला खोचले. आत्याबाई माझ्याजवळ मांडी घालून म्हणाल्या, "बाप्पा, अशी शर्यत मी जल्मात नाई पाह्यली. हे शर्यत हाय का कीर्तन?"

दुसऱ्यांदा गाड्या सुटल्या तेव्हा सगळं मैदान बसलेलं होतं आणि गप्प होतं. कुणी ओरडेना. ओरडणं चालतं की नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे लोकांनी तेही बंद ठेवलं. इंजिनांचा आवाज लांब गेला की मधे पक्षी ऐकू यायचे. ते पाहून मला बरं वाटावं की भीती वाटावी, कळत नव्हतं. मामंजी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. पोरगा समोरून गेला की त्यांचे खांदे नुसते उचलले जायचे.

चंद्रभान सातपैकी पाचवा आला. कवडू त्याच्या पुढे. चूक एकही नाही.

लक्ष्मणरावांनी त्याला बोलावलं, हेल्मेट काढायला लावलं, बोल्टची तार तपासली आणि म्हणाले, "झाल्या तीन. जाकीट काढ." लोक उठून जमले होते. मामंजी गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की पटातली जोडी जिंकल्यावरही मी तसा पाहिला नव्हता. कवडूच्या बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "काढा, काढा ती झूल!"

चंद्रभानने हात वर केले. हँडल धरून धरून त्याच्या बोटांत मुंग्या आल्या होत्या, गाठ सुटेना.

"आता हा मोठ्यांत पळेल," लक्ष्मणराव मामंजींना म्हणाले. "आता याला कुणी सवलत देणार नाही."

"सवलत कायची?"

"जाकीट दिसलं की जुने लोक अंतर ठेवतात ना. लांबून जातात. नियमच आहे, नवख्याच्या अंगाला अंग लावायचं नाही. आज नाही का, याचं जाकीट दिसलं तसे ते दोघं थांबले. आता सगळे याला घासून जातील. तीच तर खरी शर्यत."

मामंजींनी त्या जुन्या स्वारांकडे पाहिलं. ते गाड्यांना टेकून बिड्या ओढत होते. मग पोराच्या पाठीवरच्या फुलीकडे पाहिलं.

"हे त्यासाठी होतं?"

"मग कशासाठी?"

"मले वाटलं, नवा हाय म्हणून हसाले." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मंग राहू द्या ना साहेब. अजून एक-दोन खेपा राहू द्या. का बिघडते?"

आजूबाजूची माणसं हसली. कवडूचा बाप म्हणाला, "का हो किसनराव, आवडली वाटते झूल!" मामंजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नियम आहे, किसनराव. तीन म्हणजे तीन. चौथ्यांदा घालू देता येत नाही."

चंद्रभान तसाच हात वर करून उभा होता. त्याला तर तो दिवस हवाच होता. म्हणाला, "बाबा, काढून टाका ना. मले सुटून नाई राह्यली गाठ."

मी पुढे झाले. नाड्या मीच लावल्या होत्या, गाठ मला पटकन सुटली असती. मामंजींनी मला हाताने मागे सारलं. ते पोराच्या बगलेपाशी वाकले. औताच्या, दाव्यांच्या, झुलीच्या हजार गाठी सोडलेली ती बोटं. एरवी त्यांना अंधारातही वेळ लागत नसे. लक्ष्मणराव घड्याळ पाहून निशाणं गोळा करायला निघून गेले, लोक पांगले, आत्याबाईंनी "झालं का रे किसना" म्हणून दोनदा विचारलं, तरी ते डाव्या बाजूची गाठ चाचपत उभेच होते, आणि उजवी अजून बाकी होती.